कॉस्टिंग आणि कास्टिंग

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मला 'कॉस्टिंग' या विषयात ४१ मार्क मिळाले होते. पास व्हायला ४० लागत. "एक मार्क विद्यापीठाला दान केलास," असे बाबा तेव्हा म्हणाले. पुढे मी बँकेत चिकटलो आणि कॉस्टिंगचे पुन्हा तोंड बघायचे नाही अशी शपथ घेतली. पण नशिबातली गोष्ट चुकत नाही. फार तर तिच्या डोक्यावरचा अर्धचंद्र तेवढा गळून पडतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या मागे 'कास्टिंग' लागले.

तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ सिनेमात शिरला. तसे काही नाही. सिनेमात माझ्यासारख्याला एकच काम मिळू शकते. बँकेवर दरोडा पडतो तेव्हा हात वर करून उभे असलेल्या कारकुनांतला डावीकडून तिसरा. माझे कास्टिंग वेगळे. मी दर रविवारी घराच्या मागच्या अंगणात शिसे वितळवतो आणि त्याच्या गोळ्या ओततो. हा माझा छंद आहे.

यात माझा दोष नाही, डॉक्टरांचा आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाचे ब्लडप्रेशर चालू खात्यासारखे असते. कोण कधी येऊन काय भरून जाईल याचा नेम नाही. माझे भरत भरत बरेच वर गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एखादा छंद लावून घ्या. हाताला काम पाहिजे, डोक्याला नको." डोक्याला काम नसलेले काम मी बावीस वर्षे करतोच आहे, असे मी सांगणार होतो. पण प्रेशर मोजायचा पट्टा दंडालाच होता, म्हणून गप्प बसलो.

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "हाताला काम ना? ही मेथी निवडा."

बँकेत सल्ला विचारला. आमचे हेडकॅशियर जुन्या नाण्यांचे शौकीन. त्यांनी पुस्तकातले एक चित्र दाखवले. "हे बघा, सातवाहनांचं नाणं. शिशाचं आहे, शिशाचं!" दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या मुलखावर राज्य करणारे सातवाहन खरोखरच शिशाची नाणी पाडत. चांदीची, तांब्याचीही पाडत, पण शिशाची पुष्कळ. त्या काळचा हेडकॅशियर संध्याकाळी कॅश उचलून तिजोरीत ठेवताना काय म्हणत असेल, या विचाराने माझे डोळे पाणावले. आमच्या हेडकॅशियरांना दहाच्या नाण्यांची एक पिशवी उचलली तरी उसण भरते.

शिसे हा धातू माझ्या आयुष्यात आला तो असा, चित्रातून. प्रत्यक्ष आला तो तात्यांमुळे.

आमची बदली तेव्हा मालवणला झाली होती. तात्या आमच्या शेजारचे. आयुष्यभर मासेमारी केलेले, सत्तरी ओलांडलेले, आणि बँकेत आमच्या काउंटरवर पासबुक भरायला येणारे. माझी छंदाची अडचण ऐकून म्हणाले, "साहेबानू, पाग टाकूक शिकाचा असात तर आयतवारी खाडीर येवा."

पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या सगळ्या कडेला शिशाचे मणी असतात. नीट फेकले तर ते हवेत छत्रीसारखे उघडते, पाण्यावर गोल पडते, कडेच्या वजनाने भराभर बुडते आणि खाली जे काही असेल त्याच्यावर टोपलीसारखे बसते. नीट नाही फेकले तर ते फेकणाऱ्यावर बसते. पहिले तीन रविवार मी स्वतःलाच पकडत होतो.

चौथ्या रविवारी तात्यांनी सौदा केला. त्यांच्या पागाचे निम्मे मणी खडकात अडकून गेलेले. नवे ओतायला त्यांचे हात आता स्थिर राहत नाहीत. मी मणी ओतून द्यायचे आणि त्यांनी मला पाग शिकवायचा. त्यांनी वडिलांच्या वेळचा साचा काढून दिला. सांडशीसारखा, दोन जबड्यांचा, लोखंडी. जबडे मिटायचे, वरच्या भोकांतून रस ओतायचा, क्षणभर थांबून जबडे उघडायचे, की चार टपोऱ्या गोळ्या खाली पडतात. प्रत्येक गोळीला एका बाजूने चीर. त्या चिरेत जाळ्याची दोरी बसवायची आणि पक्कडीने दाबायचे. शिसे मऊ, चीर मिटते, गोळी दोरीला कायमची धरून बसते. इतके मन लावून आमच्या बँकेत खुर्चीला धरून बसणारा मी एकच माणूस पाहिला आहे आणि तो सध्या आमचा मॅनेजर आहे.

पहिल्या दिवशी मी फोडणीची लोखंडी पळी वापरली. सौ. देवळात गेली होती. शिसे ३२७ अंशांना वितळते. लोखंडाला १५०० च्या पुढे जावे लागते, शिसे बिचारे लाकडाच्या चुलीवरही पाघळते. आधी नुसते काळे ढेकूळ दिसते, मग ते खालून ओलसर होते, आणि बघता बघता पळीत आरसा तयार होतो. इतका लखलखीत की त्यात मला माझे टक्कल दिसले. तेवढ्यात त्याच आरशात सौ.ही दिसली.

"ही माझी फोडणीची पळी आहे."

हे पाच शब्द तिने ज्या आवाजात उच्चारले, त्याने कानात तापलेले शिसे ओतणे म्हणजे काय ते मला कळले. ती पळी त्या दिवशी घरातून कायमची बडतर्फ झाली, आणि ते योग्यच झाले. शिसे अंगात गेले की लवकर बाहेर पडत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट. याच कारणाने २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून ते काढून टाकले. इंग्लंडात गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. तिथले राजहंस तळ्याच्या तळाशी पडलेली वजने खडे समजून गिळत आणि मरत. आपला राजहंस दुधातून पाणी वेगळे करतो, पण खड्यातून शिसे वेगळे करणे त्यालाही जमले नसते. ही माहिती नववीतल्या आमच्या कन्येने जेवताना सांगितली. त्यावर सौ.ने जागच्या जागी कायदा केला. काम उघड्यावर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहून. कपडे वेगळे. मुले दहा हात लांब. काम झाल्यावर साबणाने हात धुऊन आंघोळ, आणि त्याशिवाय चहासुद्धा नाही. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके मी इतक्या काटेकोरपणे पाळत नाही.

इथे माझ्यातला कॉमर्स पदवीधर जागा झाला. पागाला शिसे लागते साडेचार किलो. एक गोळी २० ग्रॅमची. म्हणजे गोळ्या झाल्या २२५. एका ओतणीत चार. म्हणजे ओतण्या ५७. हे उत्पादन फार मंद आहे, असे माझे मत पडले. मी गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टर आणले आणि एका वेळी वीस गोळ्यांचा साचा बनवला. श्रावणाचे दिवस होते. साचा एक दिवस वाळवला. वरून हात लावून बघितला, कोरडा लागला.

प्लास्टर वरून कोरडे आणि आतून ओले असू शकते. बरीच माणसे याच्या उलट असतात. मी रस ओतला आणि आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ झाली. 'फट्' असा आवाज आला, आणि ओतलेले शिसे ज्या वाटेने आत गेले होते त्याच वाटेने बाहेर आले. काही पडवीच्या पत्र्यावर गेले, काही केळीच्या पानांवर, आणि एक थेंब माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर, बुबुळाच्या अगदी समोर, येऊन बसला. चष्मा नसता तर आज हा लेख एका डोळ्याने लिहावा लागला असता. शिसे ओततांना पाणी जवळपासही नको, हा या विद्येतला पहिला धडा मी शेवटी शिकलो. त्या दिवसापासून मी तात्यांचा चार गोळ्यांचा साचा मुकाट्याने वापरतो, आणि तोसुद्धा आधी विस्तवावर धरून सणसणीत तापवून घेतो.

खरा स्फोट सोमवारी झाला, आणि तो बँकेत.

"काय, रविवार कसा गेला?" हेडकॅशियरांनी विचारले.

"छान. साठ गोळ्या ओतल्या."

"ओतल्या?"

"शिशाच्या. अजून दीडशे ओतायच्या आहेत."

काउंटरच्या बाहेर पेन्शनवाल्यांची रांग होती. ती रांग दोन पावले मागे सरकली. कर्जखात्यातले एक गृहस्थ माझ्याशी गेली सहा वर्षे अरे-तुरे करत होते, ते एकदम अहो-जाहो करू लागले. तीन वर्षे अडलेली माझी एल.टी.सी.ची फाईल त्या दिवशी दुपारी मंजूर झाली. आमच्या दारावर दुनळी बंदूक घेऊन उभे असणारे गार्डमामा मात्र हळूच जवळ आले आणि कानाशी लागून म्हणाले, "साहेब, बाराबोरच्या करता का? आमच्या काडतुसांचा काय भरवसा राह्यला नाही."

बाराबोर या शब्दाचा अर्थ मला त्याच निमित्ताने समजला. ज्या नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बाराबोर. म्हणजे या बंदुकीचे नाव ठेवणारा माणूसही आमच्यासारखा हिशोबीच असणार. मी मामांना पागाची हकीकत सांगितली. त्यांची निराशा झाली. ते म्हणाले, "म्हंजे माशांसाठी होय!" आणि पुन्हा दारावर जाऊन उभे राहिले.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावले, दार लावून घेतले आणि पंखा वाढवला. "१९५९ चा शस्त्र कायदा माहीत आहे ना? परवान्याशिवाय दारूगोळा करणं हा गुन्हा आहे. आणि त्यात बँकेचा स्टाफ!" मी खिशातून नमुन्याची गोळी काढून टेबलावर ठेवली. ते खुर्चीसकट मागे गेले. मग चिरेत दोरा घालून दाखवला तेव्हा कुठे त्यांना घाम पुसता आला. निघताना म्हणाले, "जमलं तर बोय पाठवा हो दोन. खाडीची बोय फार गोड."

ही सगळी कथा माझ्या मेहुण्याने अमेरिकेत बसून ऐकली. तो ओहायोत असतो आणि रविवारी रात्री सौ.ला व्हिडिओ कॉल करतो. तो म्हणाला, "भावोजी, आमच्या शेजारचा म्हातारा गॅरेजमध्ये हेच करतो. फक्त खऱ्या!"

त्या देशात हा साधा, घरगुती छंद आहे. आपल्याकडे निवृत्त गृहस्थ जसे गुलाबाला कलमे बांधतात तसे तिकडचे निवृत्त गृहस्थ बंदुकीच्या गोळ्या ओततात. म्हाताऱ्याकडे विजेवर तापणारे एक छोटे भांडे आहे आणि अॅल्युमिनियमचा साचा. साच्यावर एक सरकती पट्टी. रस थिजला की तिला लाकडी दांड्याने टोला द्यायचा, वरचे जादा शिसे कापले जाते आणि १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपासची, गोळी खाली पडते. मोटारीच्या चाकांना तोल साधायला चिकटवतात ती वजने तो टायरवाल्यांकडून बादलीने आणतो. हल्ली त्यांत जस्ताची आणि लोखंडाची भेसळ फार, म्हणून एकेक निवडत बसतो. मेथीसारखी. रस तयार झाला की त्यात मेणाचा तुकडा टाकून ढवळतो, वरची राख काढतो, गोळ्या ओततो आणि शनिवारी जाऊन कागदाच्या लक्ष्यावर झाडतो. मग लक्ष्यामागचे शिसे खणून आणतो आणि पुन्हा ओततो. मुद्दल तेच, दर आठवड्याला नूतनीकरण. आमच्या बँकेची काही कर्जे अशीच चालतात.

"आणि भावोजी," मेहुणा म्हणाला, "जुन्या छापखान्याचे खिळे मिळाले तर तो सोनं मिळाल्यासारखा नाचतो. म्हणतो, त्याच्याइतका चांगला धातू नाही."

मी फोनकडे बघायचा थांबलो आणि पलंगाखाली बघू लागलो.

आमच्या बाबांची हयात कोल्हापूरच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. लग्नपत्रिका, हँडबिले, दिवाळी अंक, कोणाकोणाचे कवितासंग्रह. मग ऑफसेट आले, कॉम्प्युटर आले, आणि १९९६ साली छापखान्याला कुलूप लागले. मी तेव्हा बारावी कॉमर्सला होतो. मालकाकडे द्यायला पैसे नव्हते. त्याने बाबांच्या थकलेल्या रकमेचा भंगाराच्या भावाने हिशोब केला आणि तेवढ्या वजनाचे खिळे दिले. लोकांचे वडील निवृत्त होतात तेव्हा फंडाचा चेक घेऊन येतात. आमचे दोन लाकडी पेट्या हातगाडीवर घालून घेऊन आले. पंचवीस किलो. त्या पेट्या आमच्याबरोबर पाच बदल्यांच्या गावी हिंडल्या. प्रत्येक गावी हमाल विचारतो, "काय सोन्याच्या विटा हाईत का काय?" बाबा काहीच बोलत नाहीत. दरवर्षी खंडेनवमीला ते पेट्या ओढून बाहेर काढतात, आपली जुनी स्टिक वर ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि परत आत ढकलतात. एरवी पेट्यांचे नाव घरात निघत नाही.

व्याजाविना पडून राहिलेली रक्कम बँकवाल्याला बघवत नाही. आणि माझ्याकडचे शिसे संपत आले होते. मी बाबांना विचारले, "त्या पेट्यांतलं थोडं घेऊ का? गोळ्यांसाठी?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "घे."

आत कागदाच्या पुड्या होत्या. पुड्यांवर नावेही असणार, पण मी बघितली नाहीत. वरचीच एक उचलली. पाव किलोची होती. खिळे शिशाच्याही आधी वितळले आणि रस असा पाण्यासारखा वाहिला की साच्याचा कोपरा न् कोपरा भरला. बारा गोळ्या पडल्या. गुळगुळीत, धारदार कडांच्या, चांदीसारख्या. ओहायोच्या म्हाताऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

तात्यांनी पहिली गोळी दोरीवर चढवली आणि पक्कडीने दाबली. ती मिटली नाही. आणखी जोर लावला. 'टक्' झाले आणि गोळीचे दोन तुकडे झाले. दुसरीचेही तेच.

"ह्या काय हाडलास, साहेबानू? ह्या शिसा नाय. ह्यो दगड असा."

उरलेल्या दहा गोळ्या आणि चार तुकडे घेऊन मी घरी आलो आणि बाबांच्या पुढ्यात ठेवले. बाबांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याने कड चाचपली आणि बोलू लागले. छापखाना बंद पडल्यापासून ते छापखान्याविषयी इतके बोललेले मी ऐकले नव्हते.

"दबेल कसा? ह्यात नुसतं शिसं नाही. नुसतं शिसं थंड होताना आकसतं. आकसलं की अक्षराची कड गेली. म्हणून अँटिमनी घालतात. त्यानं आकसणं कमी होतं आणि धातू कडक होतो. कथील असतं, त्यानं रस वाहता राहतो. कडक नसेल तर हजार पत्रिका काढेपर्यंत नवरीचं नाव चेपून जायचं."

म्हणजे मेहुण्याचा म्हातारा बरोबरच सांगत होता. बंदुकीच्या गोळीला कडकपणा हवा. पागाच्या गोळीला मऊपणा हवा. सल्ला चांगला होता, खाते चुकीचे होते.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं का? वितळवले म्हणून?" मी विचारले. माझा आवाज थोडा दाटला होता. अशा वेळी काय बोलायचे असते ते मी बरेच सिनेमे बघून शिकलो होतो.

"वितळवले म्हणून?" बाबा माझ्याकडे बघत राहिले. "अरे, झिजलेले खिळे वितळायचेच असतात. आम्हीसुद्धा फाउंड्रीला वजनावर जुने देत होतो आणि नवे आणत होतो. त्यात काय वाईट वाटायचं? पुडी कुठली घेतलीस?"

"वरची."

"नाव काय होतं?"

मी पुडीचा कागद केराच्या टोपलीतून शोधून आणला. बाबांच्या ठाशीव अक्षरात त्यावर एकच अक्षर होते. ळ.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा आता हिंदी फाँट झाला."

मला आधी हसू आले. मग कळले. हिंदीला ळ लागत नाही. मराठीचे एक पान त्याच्यावाचून लागत नाही. छापखान्यातून निघताना बाबांनी वजनाला बसेल ते उचलले नव्हते. मालक तराजू धरून उभा असताना त्यांनी पुडी पुडी बांधून, सगळी अक्षरे, सगळ्या मात्रा, सगळी जोडाक्षरे धरून, एक पुरता फाँट घरी आणला होता. उद्या कोणी पान जुळवायला सांगितले तर खिळा कमी पडू नये म्हणून. असे सांगायला कोणी येणार नाही हे त्यांनाही माहीत होते. पण पेट्यांचा हिशोब पुरा होता. इतकी वर्षे पुरा होता.

बाकी काही नाही तरी हे दुःख मला समजते. संध्याकाळी पुस्तके जुळवताना दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही सबंध शाखा रात्री नऊपर्यंत बसतो. गिऱ्हाईक म्हणते, हे घ्या माझ्याकडून दहा रुपये आणि जा घरी. त्याला कसे सांगायचे की प्रश्न दहा रुपयांचा नाही?

त्या रात्री मी आणि बाबा पेट्या उघडून बसलो आणि मोजणी केली. मी वही घेतली, ते सांगत गेले. दिवे गेले तरी थांबले नाहीत. खिळ्याला एका अंगाला खाच असते. ती अंगठ्याला लागली की अक्षराचे डोके कुठे आणि पाय कुठे ते अंधारातही कळते. "क, एकशे चाळीस. काना, दोनशे दहा. हा च पाय मोडका आहे, वेगळा लिही." त्यांना खिळ्यावरचे उलटे अक्षर सुलट्यापेक्षा चांगले वाचता येते. समोरच्याच्या हातातले पत्र ते अजूनही टेबलाच्या पलीकडून वाचतात, त्यामुळे आमच्या घरात कोणाचे काही खाजगी राहिलेले नाही. माझे ४१ मार्कही त्यांनी पोस्टमनच्या हातातच वाचले होते.

पहाटे दोनला मोजणी संपली. सगळे जागच्या जागी. तूट एकच: ळ, चौसष्ट नग.

कन्येला हा खेळ फार आवडला. दुसऱ्या दिवशी तिने आजोबांकडून स्टिकवर स्वतःचे नाव जुळवून घेतले, स्टँपपॅडची शाई लावून वहीवर उठवले. मग आईचे नाव झाले. मग म्हणाली, "आता बाबांचं. घरातलं." मला घरात सगळे बाळ म्हणतात. आजोबांनी बा जुळवला, आणि थांबले. "तुझ्या बापानं स्वतःच वितळवलंय," असे म्हणून त्यांनी स्टिक खाली ठेवली. बहुतेक हसत होते.

मी बारा बँकांचे बारा मित्र कामाला लावले. कोल्हापूर, सावंतवाडी, पुणे, जिथे म्हणून जुना छापखाना उरला असेल तिथे विचारले. त्या मापाचा, त्या वळणाचा ळ कोणाकडे नाही. पैसे देऊन न मिळणारी वस्तू जगात असते, हे बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला कळायला चौसष्ट खिळे घालवावे लागले.

पागाचे काम मात्र तडीस गेले. भंगारवाल्याकडे जुन्या टेलिफोन केबलीवरचे शिशाचे वेष्टण मिळाले. मऊ, लोण्यासारखे. दसऱ्याच्या आत २२५ गोळ्या पुऱ्या झाल्या. तात्यांनी पाग माझ्या खांद्यावर दिला, आणि काय आश्चर्य, तो उघडला! मासे आले दोन. दोन्ही बोयी, आणि बरोबर एक रबरी चप्पल. त्या रात्री मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा कॉस्टिंग केले. प्लास्टर, चष्म्याची काच, नवी फोडणीची पळी, केबलीचे शिसे, लाकडे, साबण. भागिले दोन. एक बोय पडली ११८० रुपयांना. चप्पल फुकट. त्यातली एक बोय मॅनेजरसाहेबांना गेली. ब्लडप्रेशर मात्र उतरले आहे. डॉक्टर त्याचे श्रेय गोळ्यांना देतात. कुठल्या, ते मी विचारले नाही.

यंदाच्या खंडेनवमीला बाबांनी पेट्या बाहेर काढल्या, स्टिक ठेवली, आणि तिच्याशेजारी एक बशी ठेवली. बशीत दहा गोळ्या आणि चार तुकडे. त्यांवरही हळदकुंकू वाहिले. सौ.ने विचारले, "ह्या कशाला मामंजी?"

"ळ आहेत ते," बाबा म्हणाले. "हजर धरायचे."

हा लेख लिहून झाल्यावर पहिल्यांदा बाबांना वाचून दाखवला. डोळे मिटून, अंगठा बोटांवरून फिरवत, त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मी विचारले, "कसा वाटला?"

थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरा आहे. पण ळ फार लागतील."